गाणारा गळा आणि घडलेला माणूस : पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

मुदखेड आणि आसपासच्या गावांतील अनेक घरांत आज एक छोटासा कीबोर्ड दिसतो. मुलगा किंवा मुलगी शाळेतून आली की अर्धा तास त्यावर बोटे फिरविते. सणाच्या दिवशी एखादे गीत न चुकता वाजविते आणि आईवडिलांचा ऊर भरून येतो. हे दृश्य आम्हांलाही सुखावते. परंतु कधी गाणाऱ्याचा आवाज थोडा खालचा निघतो, आणि वाजविणाऱ्याला स्वर बदलण्याचे बटण दाबण्यापलीकडे काही सुचत नाही. कधी ऐन वेळी वीज जाते, कोपऱ्यातील जुनी पेटी पुढे ओढली जाते, आणि तेच सराईत हात एकाएकी अडखळतात. अशा वेळी आमच्या मनात प्रश्न येतो : या मुलाला आपण एक गाणे शिकविले, की संगीत शिकविले?

हा प्रश्न केवळ आपल्या खेड्यापाड्यांतील नाही. विद्यापीठांतून पियानो शिकविणाऱ्या अध्यापकांनाही तो सतत पडतो. बोटे चपळ झाली, अवघड रचना मुखोद्गत झाली, तरी विद्यार्थी परिपूर्ण संगीतकार होतोच असे नाही. त्याला नवी स्वरलिपी पाहताक्षणी वाचता आली पाहिजे, कानाने स्वर ओळखता आला पाहिजे, दुसऱ्याच्या गायनाला साथ करता आली पाहिजे, रचनेचा इतिहास व शास्त्र ठाऊक असले पाहिजे आणि आपल्याला आले ते दुसऱ्याला शिकविताही आले पाहिजे. महाराष्ट्राच्या मातीत जन्मलेल्या एका गायकाने हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्यात आपले सारे आयुष्य वेचले. त्यांचे नाव पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांच्या जीवनाची ओळख वाचकांना करून द्यावी, असा आमचा मानस आहे.

कुरुंदवाड ते मिरज

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेले हे गाव त्या काळी पटवर्धन संस्थानिकांच्या अमलाखाली होते. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुस्कर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. कीर्तनात कथा असते, गायन असते, ताल असतो आणि समोर बसलेल्या साध्या माणसाला समजेल असे बोलणेही असते. हे सारे एकत्र असते हा संस्कार बालवयातच घरातून मिळाला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

बालपणीच एक आघात झाला. कुरुंदवाडजवळच्या नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीचा मोठा उत्सव भरतो. तेथे शोभेची दारू उडविली जात असता फटाका चेहऱ्याजवळ फुटला आणि मुलाची दृष्टी अधू झाली. शाळेचे शिक्षण तेथेच थांबले. औषधोपचारासाठी मुलाला मिरजेस नेण्यात आले. डोळे पूर्ववत झाले नाहीत. मात्र त्याच मिरजेत त्याला गुरू लाभले. मिरज दरबारच्या आश्रयाला असलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे ते गुरू होत.

बाळकृष्णबुवांचे नाव संगीताच्या इतिहासात आदराने घेतले जाते. ख्याल शिकण्यासाठी ते महाराष्ट्र सोडून उत्तरेकडे गेले, अनेक हालअपेष्टा सोसून त्यांनी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ग्वाल्हेरची गायकी मिळविली आणि ती महाराष्ट्रात आणून रुजविली. त्यांच्यापाशी विष्णूने सुमारे बारा वर्षे तालीम घेतली. पहाटेपासून रियाज, गुरूची सेवा आणि अखंड श्रवण असा तो क्रम होता. या तालमीने गळा तयार झाला, स्वर पक्का झाला. पुढे त्यांनी शिक्षणाची जी नवी वाट काढली, ती या जुन्या वाटेवरून पुरते चालून झाल्यावर काढली, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

एक निमंत्रण आणि त्याचे शल्य

मिरजेतील एका समारंभाचा प्रसंग त्यांच्या चरित्रांतून सांगितला जातो. त्या समारंभाचे निमंत्रण तरुण विष्णु दिगंबरांना आले, कारण त्यांच्यावर संस्थानिकांचा लोभ होता. परंतु त्यांच्या गुरूंना आले नाही. चौकशी करता कळले की, गवयाला प्रतिष्ठितांच्या पंक्तीत बसविण्याची रीत नाही. ज्या माणसाच्या गायनाने दरबार मंत्रमुग्ध होत असे, त्या माणसाला मान मात्र नव्हता.

हे शल्य त्यांच्या मनात खोल रुतले. त्यांनी केवळ समाजाला दोष दिला नाही. गवयाला मान का मिळत नाही, याचा विचार करताना त्यांची दृष्टी गवयांच्या जीवनाकडेही वळली. त्या काळी अनेक कलावंत निरक्षर होते, काही व्यसनांच्या आहारी गेलेले होते, विद्या हातची राखून ठेवण्याची वृत्तीही होती. गळा सोन्याचा, परंतु त्याभोवतीचे जीवन विस्कटलेले, अशी स्थिती अनेकांची होती. संगीताला मान मिळवून द्यायचा असेल तर संगीतकार हा संपूर्ण माणूस म्हणून घडविला पाहिजे, या निश्चयाने त्यांनी १८९६ मध्ये मिरज सोडली. दरबाराचा आश्रय, ठरलेले वेतन आणि गुरूची छाया या तिन्ही गोष्टी त्यांनी मागे ठेवल्या.

लोकांच्या आधारावर उभी राहिलेली शाळा

नंतरची काही वर्षे भ्रमंतीची होती. सातारा, बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असा त्यांचा प्रवास झाला. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी ती क्रांतिकारक होती. गाणे राजवाड्यातून आणि कोठीवरून बाहेर पडून सभागृहात आले. पैसे मोजून येणारा सामान्य श्रोता हाच आता आश्रयदाता झाला. कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू करण्याविषयीही ते कमालीचे दक्ष असत. मथुरेत राहून त्यांनी ब्रजभाषेचा अभ्यास केला, कारण ज्या बंदिशी आपण गातो त्यांचे शब्द व अर्थ गायकाला कळले पाहिजेत, अशी त्यांची धारणा होती.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. मुदखेडहून मनमाडकडे जाणारा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्गही साधारण याच सुमारास सुरू झाला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि लाहोर येथून शेकडो कोस दूर. महाराष्ट्रातील एक अधू दृष्टीचा तरुण एवढ्या दूरच्या, भाषा निराळ्या असलेल्या शहरात जाऊन संगीताची शाळा काढतो, ती कोणा संस्थानिकाच्या खजिन्यावर नव्हे तर लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या मैफलींच्या मिळकतीवर चालवितो, हे धाडस आज कल्पनेतही आणणे कठीण आहे. प्रारंभीचे काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही आणि ते रिकाम्या खोलीत तंबोरा घेऊन एकटेच गात बसत, असे सांगतात. पुढे हळूहळू मुले येऊ लागली. स्त्रियांसाठीही स्वतंत्र वर्ग सुरू झाले. प्रतिष्ठित घरातील मुलीने गाणे शिकणे म्हणजे बट्टा, असे मानणाऱ्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती.

गळा, हात, डोळे आणि आचरण

या विद्यालयात शिक्षण कसे दिले जात असे, हा आमच्या दृष्टीने या चरित्राचा गाभा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे क्रम. जुन्या पद्धतीत गुरूच्या मनाला येईल तेव्हा आणि येईल ते शिकविले जाई. येथे इयत्ता, अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके, परीक्षा आणि पदव्या आल्या. दुसरी गोष्ट स्वरलेखनाची. पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली. मंद्र सप्तकाच्या स्वरावर टिंब, तार सप्तकाच्या स्वरावर उभी रेघ. आणि स्वराखालील खुणांवरून तो किती काळ धरावयाचा हे कळते : आडवी रेघ म्हणजे एक मात्रा, लहान वर्तुळ म्हणजे अर्धी, अर्धचंद्र म्हणजे पाव. केवळ कंठात असणारी विद्या अशा रीतीने कागदावर उतरली. गुरू समोर नसतानाही विद्यार्थी पाठ उघडून पाहू शकला, लय मोजू शकला. या पद्धतीने त्यांनी अनेक लहान लहान पुस्तके लिहिली; संगीतविषयक मासिकही चालविले.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उपदेशक वर्ग. निवडक विद्यार्थी विद्यालयातच राहत. त्यांच्या भोजनाची व निवासाची व्यवस्था संस्था करी आणि त्या बदल्यात अनेक वर्षे राहून शिक्षण पूर्ण करण्याचा करार त्यांच्याकडून घेतला जाई. या विद्यार्थ्यांना केवळ मैफल गाजविण्यासाठी तयार केले जात नव्हते. गायनाबरोबर ताल, वाद्य, स्वरलेखन, शास्त्र आणि अध्यापन असे सर्व अंगांनी त्यांना घडविले जाई. थोरला विद्यार्थी धाकट्याला शिकवी. शिकविता शिकविता त्याचे स्वतःचे कच्चे दुवे त्याला कळत. राहणी साधी, व्यसनांना मज्जाव, वेळेचे बंधन कडक. गुरुकुलाचा सहवास आणि शाळेची शिस्त यांचा हा मेळ होता.

१९०८ मध्ये विद्यालयाची शाखा मुंबईत आली आणि तीच पुढे मुख्य केंद्र बनली. तेथे छापखाना होता, वाद्ये तयार करण्याचा व दुरुस्त करण्याचा कारखानाही होता. संगीताचे पुस्तक कसे छापले जाते आणि तंबोऱ्याचा भोपळा कसा बसविला जातो, हे ज्या वास्तूत गाणे शिकावयाचे त्याच वास्तूत घडत होते. विद्येचे एकही अंग परके राहू नये, हीच त्यामागील दृष्टी असावी.

पाश्चात्य संगीतातही थोर शिक्षकांनी हाच मार्ग धरलेला दिसतो. जर्मनीतील योहान सेबास्टियन बाख यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी लहान लहान रचना केल्या व १७२३ मध्ये त्यांची सुबक प्रत तयार केली. विद्यार्थ्याने दोन व तीन स्वरधारा स्वच्छ वाजवाव्यात, वाद्यातून गाता आल्यासारखे वाजवावे आणि त्याचबरोबर स्वतः रचना करण्याचीही गोडी त्याला लागावी, हा त्यामागील हेतू त्यांनी प्रारंभीच नमूद करून ठेवला होता. बोटांचा व्यायाम आणि निर्मितीची जाण या दोन्ही गोष्टी एकाच पाठात. आपल्या वाचकांना अधिक जवळचे उदाहरण गोव्यातील धर्मग्राम शाळांचे. तेथे चर्चचा संगीतशिक्षक, ज्याला मेस्त म्हणत, मुलांना स्वरवाचन शिकवी, व्हायोलिन शिकवी आणि गायकवृंदात उभे करी. वाचणे, वाजविणे आणि गाणे या तिन्ही गोष्टी एकत्र शिकल्यामुळेच त्या लहान गावांतील मुले पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक व संयोजक म्हणून नावारूपाला आली. माजोर्डा येथील चर्चच्या संगीतशिक्षकाच्या घरी जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच एक होत. देश निराळे, संगीत निराळे, परंपरा निराळ्या. शिक्षणाचे सूत्र मात्र एकच.

कर्ज, लिलाव आणि टीका

एवढे मोठे कार्य केवळ ध्येयावर चालत नाही. त्याला पैसा लागतो. उपदेशक वर्गातील विद्यार्थ्यांचा संपूर्ण भार संस्थेवर होता. मुंबईतील सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली, परंतु ती कर्ज काढून. विष्णु दिगंबर दौरे करीत, गात, पैसा उभा करीत आणि तो कर्जाच्या हप्त्यांत जाई. अखेर १९२० नंतरच्या काही वर्षांतच कर्जापोटी ती वास्तू हातातून गेली. ज्या वास्तूसाठी गळा झिजविला ती परक्याची झाली.

याच काळात त्यांचे मन अधिकाधिक रामभक्तीकडे वळले. नाशिक येथे त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापन केला आणि गायन व रामायणावरील प्रवचन यांत ते रमले. घरातही दुःखे कमी नव्हती. त्यांची बहुतेक अपत्ये लहानपणीच मृत्यू पावली. १९२१ मध्ये जन्मलेला दत्तात्रेय हा एकटाच मुलगा हाताशी राहिला.

त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती येथे लपवून ठेवणे योग्य होणार नाही. शाळेच्या घंटेवर राग शिकता येत नाही, कागदावरील खुणांत स्वरांमधील सूक्ष्म हेलकावे उतरत नाहीत, परीक्षा देणारे शेकडो तयार होतील परंतु थोर गवई त्यांतून निघणार नाही, असे अनेक जाणकारांचे म्हणणे होते. या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. स्वतः विष्णु दिगंबर ज्या दीर्घ तालमीतून घडले, तिची जागा कोणताही वर्ग घेऊ शकत नाही. तथापि ही टीका करताना एक गोष्ट विसरली जाते. त्यांना केवळ थोर गवई घडवावयाचे नव्हते. गावोगावी संगीताची जाण असलेला श्रोता आणि त्या श्रोत्याला घडविणारा प्रामाणिक शिक्षक त्यांना हवा होता.

स्वातंत्र्याच्या चळवळीशीही त्यांचे नाते जडले. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी या गायनास आक्षेप घेतला असता त्यांनी आपले गायन न थांबविता पूर्ण केले. या घटनेविषयी मतभेद असू शकतात. परंतु ज्या गवयाला एके काळी पंक्तीत बसण्याचाही अधिकार नव्हता, तो आता राष्ट्राच्या व्यासपीठावरून हटावयास तयार नव्हता, एवढे मात्र त्यातून दिसते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. वयाची एकोणसाठ वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. ज्या गावातून ते रिकाम्या हाताने निघाले होते, तेथेच ते जवळजवळ रिकाम्या हाताने परतले होते.

वास्तू गेली, माणसे उरली

मग त्यांच्या आयुष्याची मिळकत कोणती? ती त्यांच्या शिष्यांत पाहावी लागते. ओंकारनाथ ठाकूर हे त्यांचे शिष्य कोवळ्या वयातच लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाची धुरा त्यांनी वाहिली. म्हणजे जे संगीत कोठीवरचे म्हणून हिणविले जाई, ते विद्यापीठात सन्मानाने बसले. विनायकबुवा पटवर्धन यांनी रंगभूमीवर नाव मिळविले, १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले आणि रागविज्ञान हा अनेक भागांचा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती दिला. नारायणराव व्यास यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या. नारायण मोरेश्वर खरे हे महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात गेले. तेथील प्रार्थनेला त्यांनी सूर दिला आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते चालले.

प्रा. बा. र. देवधर यांचा उल्लेख आम्हांला विशेष करावासा वाटतो. ते पदवीधर होते, हिंदुस्थानी संगीतात पारंगत होते आणि त्यांनी इटालियन शिक्षकाकडून पाश्चात्य संगीताचाही अभ्यास केला होता. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक ही संस्था काढली. तेथेच पुढे कुमार गंधर्व शिकले. कुमारांसारखी स्वतंत्र प्रतिभा जेथे फुलली, ते अंगण पलुस्करांच्या शिष्याचे होते. शाळेतून मोठा कलावंत निघत नाही या टीकेला याहून बोलके उत्तर कोणते असू शकेल?

आणि तो एकटा राहिलेला मुलगा? वडील गेले तेव्हा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. वडिलांकडून त्याला पुरेसे शिकता आले नाही. त्याला वडिलांच्या शिष्यांनी, विनायकबुवा व नारायणराव यांनी, शिकविले. तोच मुलगा द. वि. पलुस्कर या नावाने आपल्या काळातील अत्यंत निर्मळ गायक म्हणून ओळखला गेला. १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी तो हे जग सोडून गेला. आमच्या मते विष्णु दिगंबरांच्या शिक्षणपद्धतीची खरी परीक्षा येथेच झाली. गुरू स्वतःच्या पोटच्या मुलाला विद्या देण्याआधीच निघून गेला, तरी ती विद्या त्या मुलापर्यंत पोहोचली. कारण गुरूने केवळ गायक नव्हे तर शिक्षक घडवून ठेवले होते.

१९३१ मध्येच शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज देशभर होतात आणि आपल्या नांदेड जिल्ह्यातील मुलेही त्यांना बसतात. भारतीय टपाल खात्याने १९७३ मध्ये पंडितजींचे तिकीट काढून त्यांचा गौरव केला.

पालकांना आमची एक नम्र सूचना आहे. मुलाने परीक्षा अवश्य द्यावी, प्रमाणपत्र भिंतीवर अवश्य लावावे. परंतु त्याला पेटी उघडून आत सूर कोठून येतो हेही पाहू द्यावे. स्वरलिपीचे एक पान रोज वाचावयास लावावे. हाताने ताल देत गाण्यास सांगावे. गाणाऱ्याचा आवाज खाली असेल तर बटण न दाबता दुसऱ्या पट्टीतून वाजवून पाहण्याचा धीर त्याला द्यावा. आणि आठवड्यातून एकदा तरी, आपल्याला आलेला पाठ त्याने शेजारच्या धाकट्या मुलाला शिकवावा. गायकवृंदातील ज्येष्ठांनीही नव्या मुलांना केवळ गाणे पाठ करून न घेता ते कसे बांधले आहे हे उलगडून सांगावे.

मुदखेडच्या मळ्यांतून फुले रोज दूरच्या बाजारात जातात. फूल संध्याकाळपर्यंत टिकते. रोप मात्र पुढल्या हंगामातही फुलते. विष्णु दिगंबरांनी रोपे लावली. त्यांच्या लाहोरच्या रिकाम्या खोलीत सुरू झालेली ती लावणी आपल्या घरातील कीबोर्डपर्यंत येऊन पोहोचली आहे. तिला पाणी घालणे आता आपल्या हाती आहे.